नडगीवर बांधलेल्या कामट्या

माझा उजवा पाय मोडला तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेर सौंसरचं, सासर पांढुर्ण्याचं. तेव्हा दोन्ही गावं छिंदवाडा जिल्ह्यातच होती, आणि बसने गेलं तर दुपारच्या जेवणाला माहेरी पोचता यायचं. तरी मला पांढुर्णा फार लांब वाटायचं. सासरी तिघंच माणसं होतो. मी, नवरा आणि सासू. नवरा नगरपालिकेत नळ सोडायच्या कामावर होता. पहाटे सायकल काढून एकेका वस्तीचं पाणी चालू करत फिरायचा आणि ऊन चढल्यावर घरी यायचा. सासू संत्र्यांच्या बगिच्यात मजुरीला जायच्या. आमच्याकडे सासूला मामीजी म्हणतात, मीही तेच म्हणायचे.

मामीजींची मला भीती वाटायची. त्या कधी हात उगारत नसत, शिवी तर तोंडात नव्हतीच. पण बोलणं असं तोडून बोलायच्या की पुढचं काही विचारायची हिंमत व्हायची नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर "मीठ संपलं का घरातलं" एवढंच म्हणायच्या आणि जेवत राहायच्या. त्यानंतर दिवसभर मी एकेक पदार्थ दोनदा चाखून बघायचे.

हिवाळा लागला होता. आंबिया बहाराची संत्री उतरत होती आणि बगिच्यांना माणसं कमी पडत होती, म्हणून मामीजी मलाही सोबत नेऊ लागल्या. पुरुष शिडीवर चढून फळ तोडायचे, आम्ही बाया झाडाखाली बसून निवडायचो. मोठं एका पेटीत, बारीक दुसऱ्या पेटीत, डागी बाजूला. काम हलकं होतं. उन्हात बसायला बरं वाटायचं.

त्या दिवशी दुपार कलली होती. भरलेल्या पेट्या बैलगाडीत रचून ठेवल्या होत्या, बैल सोडून पाण्यावर नेले होते आणि जुवाखाली लाकडाचा टेकू लावला होता. मी गाडीच्या मागेच जमिनीवर बसले होते, एक पाय दुमडून, उजवा पाय पुढे पसरून. कोणीतरी मागच्या बाजूला आणखी दोन पेट्या चढवल्या. गाडीत मागे भार जास्त झाला की तिचं पुढचं तोंड वर उचलतं आणि मागचा भाग धाडकन खाली येतो. शेतकरी त्याला गाडी उलार होणं म्हणतात. मला ते ऐकून माहीत होतं, पण बघितलं कधी नव्हतं. टेकू निसटल्याचा आवाज आला, वर बघितलं तर जू आभाळाकडे चाललं होतं, आणि गाडीची मागची फळी माझ्या पायावर आली.

ओली काडी मोडावी तसा आवाज झाला. पेट्या घरंगळल्या, संत्री चारी बाजूंना पळाली. गाडी उचलून धरली तेव्हाही मला फार दुखत नव्हतं. मी फक्त पायाकडे बघत होते. गुडघ्याच्या आणि घोट्याच्या मधे, जिथे पायाला सांधा नसतो, तिथे माझा पाय वाकलेला होता. कातडी फाटली नव्हती, रक्त नव्हतं. आपलाच पाय, पण तो कोणा दुसऱ्याचा आणून माझ्या गुडघ्याला लावलाय असं वाटलं. मी पदर तोंडात धरला. दुखणं त्यानंतर आलं.

हाड मोडलं की कुठे जायचं हे आमच्या भागात विचारावं लागत नसे. मोहगावच्या बाजूला एका खेड्यात एक म्हातारे कास्तकार होते, त्यांना सगळे बाबा म्हणत. बैलाचं हाड असो की माणसाचं, तेच बसवायचे. मामीजींचा स्वतःचा मनगटाचा सांधा त्यांनीच बसवला होता आणि त्यात कसलीच कसर राहिली नव्हती. तेव्हा कोणी दवाखान्याचं नावही काढलं नाही. बगिच्याच्या मालकाने जीप दिली. मामीजींनी माझं डोकं मांडीवर घेतलं. नवऱ्याला निरोप गेला होता, तो सायकलने मागून आला.

बाबांचा हात मऊ होता. त्यांनी अंगठा गुडघ्याच्या खाली ठेवला आणि नडगीच्या धारेवरून हळूहळू खाली आणला. नडगीला पुढून मांस नसतंच. कातडीच्या खाली लगेच हाड, आणि त्याची धार वरपासून घोट्यापर्यंत बोटाला लागते. त्यांचा अंगठा एका जागी थांबला, जणू पायरी लागली.

"इथं तुटलं," ते म्हणाले. "दोन तुकडे आहेत, चुरा नाही झाला. धार सरळ आणली की बसलं समज."

मामीजींनी मला काखेत धरलं, नवऱ्याने टाच ओढली, आणि बाबांनी दोन्ही अंगठ्यांनी हाड दाबलं. काय झालं ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की समोरच्या भिंतीशी कापसाची पोती रचलेली होती आणि ती माझ्याकडे सरकत होती. शुद्ध आली तेव्हा पायावर हळद आणि अंड्याच्या पांढऱ्याचा लेप होता, त्यावर कापड, आणि कापडावर चारी बाजूंनी बांबूच्या चपट्या कामट्या. बाबा सुतळीने त्या आवळत होते.

"घट्ट झालं, बाबा," मी म्हणाले.

"घट्टच पाहिजे, बाई. ढिलं राहिलं तं हाड सरकन. आता दुखन, रडू येईन, पण मी सांगत नाही तोवर सोडायचं नाही. समजलं का?"

मी मान हलवली.

घरी येईपर्यंत रात्र पडली होती. बाजेवर मला झोपवलं, पायाखाली गोधडीची घडी दिली. तेव्हापासून जे दुखणं सुरू झालं ते मोडल्याच्या दुखण्यासारखं नव्हतं. मोडल्याचं दुखणं एका जागी होतं, हललं की कळ मारायचं, पडून राहिलं की थोडं शमायचं. हे मांसात होतं. नडगीच्या बाहेरच्या बाजूला कोणीतरी आत काहीतरी भरत होतं आणि त्याला जागा पुरत नव्हती. पडून राहिलं तरी वाढत होतं. पायाची बोटं कापडातून बाहेर होती, ती जरा वर करून बघायचा प्रयत्न केला तर नडगीच्या बाजूने आगीची रेघ गेली.

"सोडा ना थोडंसं," मी नवऱ्याला म्हणाले. "एकच सुतळी ढिली करा."

तो बाजेजवळ उकिडवा बसला होता. त्याने मामीजींकडे बघितलं. त्या चुलीपाशी होत्या.

"बाबांनी नाही म्हटलं," तो म्हणाला. "हाड सरकन अन् जन्माची लंगडी होशील."

"लय दुखून राहिलं हो."

चुलीपाशी बसूनच मामीजी म्हणाल्या, "मोडक्या हाडाले दुखत नाही तं काय गुदगुल्या होतात?"

त्यानंतर मी बोलले नाही. आज वाटतं, ओरडायला हवं होतं, सगळा मोहल्ला गोळा करायला हवा होता. पण तेव्हा मला दोन भीती होत्या आणि दुसरी पहिलीपेक्षा मोठी होती. पायाचं काय होईल ही एक. आणि सून नाजूक निघाली, कामाची नाही, असं या घरात ठरलं तर आपलं काय होईल, ही दुसरी. नवी नवरी महिनोन्महिने बाजेवर पडली आणि मग माहेरी पोचवली गेली, अशा गोष्टी मी सौंसरला बायकांच्या तोंडून ऐकल्या होत्या. परत आणायला कोणी गेलं नाही, हे त्या गोष्टीच्या शेवटी हळू आवाजात सांगितलं जायचं. मी गोधडीचं टोक दातात धरून पडून राहिले. समोर भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, दिवा होता तोवर त्यांच्याकडे बघत राहिले.

सकाळी दुखणं कमी झालं होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी स्वतःहून हसले. नवरा केव्हाच नळ सोडायला गेला होता. मामीजी चहाची कपबशी घेऊन आल्या.

"कसं आहे?"

"बरं आहे आता. दुखत नाही तेवढं."

"पाह्य, म्या म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. त्यांनाही बरं वाटलं असावं, कारण त्या बाजेच्या पायथ्याशी टेकल्या. टेकताना त्यांचा हात माझ्या बोटांवर पडला. तो त्यांनी लगेच उचलला नाही. चहाची बशी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी माझी बोटं धरली. मग डाव्या पायाची धरली. मग परत उजव्या.

"थंडी आहेत," त्या म्हणाल्या. "मी काय करून राहिली, सांग."

"काय?"

"आता काय करून राहिली तुह्या बोटाले?"

मला काहीच कळत नव्हतं. मी कोपरावर उठून बघितलं. त्या माझ्या अंगठ्याच्या बाजूला नखाने चिमटा घेत होत्या, चांगला जोरात. चिमटा मला दिसत होता, पण लागत नव्हता. बोटांचा रंग राखेसारखा झाला होता.

"बोटं हालव."

मी हलवली. म्हणजे मी हलवली असं मला वाटलं. बोटं जिथे होती तिथेच होती. परत हलवली. आपण हुकूम द्यावा आणि आपल्याच अंगाने तो ऐकू नये, याच्याइतकी भीती मला त्याआधी आणि त्यानंतर कशाचीच वाटली नाही. मोडलेल्या पायाची नाही, मरणाचीही नाही.

मामीजी उठल्या. मला वाटलं बाहेर जाऊन कोणाला हाक मारतील. त्या कोपऱ्यातून विळा घेऊन आल्या. मी घाबरून म्हणाले, "मामीजी, बाबांनी सांगितलं आहे, सोडायचं नाही. हाड सरकन."

"सरकू दे," त्या म्हणाल्या. "वाकडा पाय चालते मले. मेलेला नाही चालत."

विळ्याचं टोक त्यांनी सुतळीखाली घातलं. सुतळी कामट्यांच्या मधे इतकी रुतली होती की टोक आत जाईना. एकेक सुतळी टचकन तुटायची आणि कामटी बाजूला पडायची. शेवटी कापड कापलं. खाली जो पाय निघाला तो मी ओळखला नसता. तकतकीत, ताणलेला, कामट्यांचे खोल पट्टे उमटलेला, आणि नडगीच्या बाहेरची बाजू दगडासारखी घट्ट. बोटाने दाबली तरी दबत नव्हती. सुतळ्या सुटल्यावर थोड्या वेळाने दुखणं परत आलं, आधीच्या दुप्पट. मी ओरडले. मामीजी म्हणाल्या, "ओरड. चांगलं आहे. ओरडतच राह्य."

शेजाऱ्याच्या पोराला त्यांनी नवऱ्याकडे धाडलं आणि मोहल्ल्यातली चार माणसं जमवली. मला बाजेसकट उचलून स्टेशनवर नेलं. नवरा तिथेच येऊन भेटला, सायकल तशीच कोणाच्या तरी हवाली करून. नागपूरकडे जाणारी पॅसेंजर लागलीच होती. डब्यात दाराजवळच्या जागेत खाली गोधडी टाकून मला झोपवलं. गाडीचा प्रत्येक हिसका मोडलेल्या जागी लागायचा. नवरा दोन्ही हातांनी पाय धरून बसला होता, टेकू द्यावा तसा. तो एकदाच बोलला.

"माय, बाबांनी बांधलेलं सोडलं तू."

"हाव," मामीजी म्हणाल्या. "अन् तू रात्रभर पाहत होता. मीबी पाहत होती."

काटोल गेलं. बाहेर संत्र्यांचे बगिचे मागे पडत होते आणि मी बोटांकडे बघत होते. जरा गुलाबी झाली का, की तशीच आहेत, हे मला ठरवता येत नव्हतं.

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात ज्या डॉक्टरांनी मला बघितलं ते मध्यम वयाचे होते, कमी बोलणारे. त्यांनी कामट्यांचे पट्टे बघितले, कोणी बांधलं म्हणून विचारलं, पण शिव्या दिल्या नाहीत. पाऊल वर उचल म्हणाले. मला उचलता येईना. मग त्यांनी माझं अंगठ्याचं बोट धरून हळूच खालच्या बाजूला वाकवलं आणि मी अशी किंचाळले की बाहेरून दोघंजण डोकावले.

"किती वेळ झाला बांधून?"

"काल दिवस मावळताना," मामीजी म्हणाल्या.

डॉक्टर हात धुवायला वळले. "आत्ताच चिरावं लागेल. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, दोन बाजूंनी. टाके घालणार नाही, उघडंच ठेवू."

मामीजींनी खाटेचा गज धरला. "पाय कापून राहिले का, साहेब?"

"पाय वाचवायला चिरतो आहे, बाई."

"अन् नाही वाचला तं?"

त्यांनी टॉवेलने एकेक बोट पुसलं. "मग तेव्हा तेही करावं लागेल. पाय ठेवून जीव जात असेल तर पाय ठेवता येत नाही."

नवऱ्याने सही केली. सही करताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मला ढकलगाडीवरून आत नेत होते तेव्हा दाराच्या वरची पांढरी भिंत दिसत होती आणि मी मनात एकच गोष्ट घोकत होते, की जाग आल्यावर खाली बघायचं नाही. आधी विचारायचं, मग बघायचं.

जाग आली तेव्हा मी विचारलं, आणि मामीजी म्हणाल्या, "आहे."

पण तो "आहे" पुरता नव्हता. पुढचे कित्येक दिवस रोज सकाळी मलमपट्टी व्हायची आणि रोज सकाळी पुन्हा तोच सवाल असायचा. नडगीच्या दोन बाजूंना लांबच लांब चिरा होत्या, उघड्या. पहिल्यांदा मी बघितलं तेव्हा मला उलटी झाली. आतलं मांस काही जागी लाल होतं, काही जागी करडं. डॉक्टर चिमट्याने करड्या मांसाला हलकेच टोचायचे. लाल फडफडायचं, करडं तसंच पडून राहायचं. मग ते करडं कापून बाजूला टाकायचे. मी मामीजींचा चेहरा बघून अंदाज घ्यायचे की आज किती गेलं.

शेजारच्या खाटेवर रामटेकच्या बाजूची एक बाई होती. वयाने मामीजींएवढी. तिचा पाय गुडघ्याखाली कापलेला होता. ती दिवसा शांत असायची, आणि मधेच मला म्हणायची, "अवं, माह्या तळपायाले खाज सुटली." तळपाय नव्हताच. ती चादरीवर जिथे तळपाय असायला हवा होता तिथे हात फिरवायची. मी तोंड फिरवून घ्यायचे आणि चादरीखाली माझं पाऊल आहे का ते डाव्या पायाने चाचपून बघायचे.

एकदा पट्टी बदलून झाल्यावर मी धीर करून डॉक्टरांना विचारलं, "हाड तं एकच मोडलं होतं. मग मांस काहून मेलं?"

ते खाटेच्या काठावर बसले. माझ्या उशाशी घरून आणलेली संत्री होती. त्यांनी एक सोललं आणि त्यातली एक फोड माझ्यासमोर धरली.

"पांढुर्ण्याची आहेस ना, तुला हे मी काय सांगायचं. ही फोड बघ. आत रस आहे, वरून पातळ पापुद्रा. हा पापुद्रा ताणतो का?"

"नाही. फाटते."

"गुडघ्याखाली दोन हाडं असतात. पुढचं जाड, ती तुमची नडगी. अंगाचा सगळा भार तीच पेलते. बाहेरच्या बाजूला एक बारीक हाड, तिच्या सोबतीला. या दोन हाडांच्या आजूबाजूला मांस अशा फोडींसारखं बसलेलं आहे, एकेका फोडीवर असा पापुद्रा, पण फार चिवट. तो न ताणतो, न फाटतो. हाड मोडलं की आत रक्त साचतं, सूज येते. सुजेला बाहेर यायला जागा नाही. त्यात तुम्ही वरून कामट्या आवळल्या. मग आतल्या आत दाब वाढतो, रक्ताच्या नळ्या चेपतात, आणि मांस गुदमरतं. मी काय केलं, पापुद्रा उभा फाडून दिला."

"पुढच्या फोडीतलं गेलं का सगळं?"

"सगळं नाही. बरंच गेलं." ते माझ्या पावलाला हात लावून म्हणाले, "नडगीच्या बाजूचं हे मांस पाऊल वर उचलायचं काम करतं. चालताना आपण पाऊल उचलतो ते आपल्या लक्षातही येत नाही. तुला आता ते लक्षात ठेवावं लागेल."

त्यांनी ती फोड माझ्या हातात दिली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. मला ती खाववेना. मामीजींनी घेतली आणि खाल्ली. म्हणाल्या, "रडत काहून आहे? भार पेलणारं हाड तं आहे म्हणले ना."

नवरा सुट्टी मिळेल तेव्हा पॅसेंजरने यायचा. आला की खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि पावलाकडे बघायचा, तोंडाकडे नाही. मला वाटायचं, ठरवतो आहे. कसं सांगायचं ते मनात जुळवतो आहे. एकदा मामीजी चहाला खाली गेल्या तेव्हा मीच म्हणाले, "मले सौंसरले पोचवायचं असन तं सांगून द्या. मी काही म्हणणार नाही."

त्याला कळलंच नाही. "सौंसरले कायले? दवाखाना तं इथं आहे."

"बरी झाल्यावर. लंगडी झाल्यावर."

त्याने पावलावरची चादर बाजूला केली. मग म्हणाला, "बोटं हालवून दाखव."

मी हलवली. अंगठा किंचित हलला. बाकीची बोटं थोडी थरथरली.

"मागच्या खेपेले हे नव्हतं," तो म्हणाला, आणि खाटेच्या पायथ्याशी बसून त्याने माझं पाऊल मांडीवर घेतलं. त्या वॉर्डात सगळ्यांसमोर नवऱ्याने बायकोचा पाय मांडीवर घेणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. रामटेकच्या बाईने भिंतीकडे तोंड केलं. मी लाजेने डोळे मिटले, पण पाय ओढून घेतला नाही.

जखमा भरायला मांडीची कातडी काढून लावली. मग मांडीपर्यंत प्लास्टर, त्याला जखमेच्या जागी पट्टी बदलायला कापून ठेवलेली खिडकी. तशी मी घरी आले. खरं तर इथे गोष्ट संपायला हवी होती, पण हाड जुळेना. नागपूरला जाऊन हाडाचा फोटो काढला की दोन तुकड्यांच्या मधे काळी फट तशीच दिसायची. डॉक्टर म्हणायचे, नडगीच्या खालच्या भागाला मुळातच रक्त कमी पोचतं, वर मांसाचं पांघरूण नाही, त्यात आजूबाजूचं मांस गेलेलं. वेळ लागेल. किती वेळ ते सांगायचे नाहीत. संत्र्यांचा बहार संपला, कापूस घरोघरी येऊन विकला गेला, ऊन तापलं, आणि मी बाजेवर. मामीजी कामाला जाण्याआधी पाण्याचा तांब्या आणि भाकरी माझ्या हाताशी ठेवून जायच्या. प्रत्येक फेरीला मला वाटायचं, आज डॉक्टर सांगणार, हे जुळत नाही, आता काढून टाकू.

एका फेरीला त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितला.

"इकडे बघ," ते म्हणाले. फटीच्या जागी धुक्यासारखं काहीतरी होतं. "हे नवं हाड आहे."

मामीजींनी फोटो हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. "हे पांढरं पांढरं?"

"हो, तेच."

"एवढंसं," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची नव्हती म्हणून जमिनीवरच बसल्या.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा उभी राहिले ते घरातच, मामीजींच्या खांद्याला धरून. पाय काठीसारखा बारीक झाला होता. भार टाकायला जीव धजेना. कधी एकदा तो आवाज परत येतो याची मी वाट बघत होते. आवाज आला नाही. पाऊल टाकलं, पण टाचेऐवजी बोटंच आधी जमिनीला लागली, पाऊल लोंबत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. गुडघा जास्त उचलून पाय टाकायला शिकावं लागलं. साधी चप्पल पायातून निसटायची, म्हणून मागे पट्टा असलेली घेतली.

पोळ्याच्या आधी बाबा आमच्या घरी आले. कोणीतरी त्यांना सांगितलं असावं. दारातच उभे राहिले. मामीजींनी बसा म्हटलं नाही, जा म्हणूनही म्हटलं नाही. शेवटी मीच बसायला मोढा पुढे केला.

"पाय दाखवतं का, बाई?" ते म्हणाले.

मी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. दोन बाजूंच्या चिरांचे व्रण, मांडीच्या कातडीचे ठिगळ, बाजूला खड्डा पडलेला. मधे नडगी. त्यांनी विचारल्याशिवाय हात लावला नाही. मी मान हलवल्यावर त्यांनी अंगठा गुडघ्याच्या खाली ठेवला आणि धारेवरून खाली आणला, तसाच, हळूहळू. जुळलेल्या जागी एक गाठ होती, तिथे थांबले.

"हाड सरळ बसलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. जणू स्वतःशीच.

"हाव," मामीजी म्हणाल्या. "हाड सरळच बसलं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. रात्री पडल्या पडल्या मी त्यांच्यावर किती वेळा रागावले होते. पण त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते मी ओळखत होते. बोटं हलेनात त्या सकाळची माझी तीच भीती होती. त्यांनी आजवर किती पाय बांधले असतील आणि ते सगळे त्यांना आठवत असतील. जाताना त्यांनी विचारलं, बोटं थंड पडतात ते आधी की दुखणं जातं ते आधी. मामीजींनी सांगितलं, दुखणं गेलं तेव्हा बोटं थंडच होती. त्यांनी परत एकदा विचारून घेतलं आणि गेले. पुढे त्यांनी बांधणं सोडलं, असं कोणी म्हणे. कोणी म्हणे बांधतात, पण ढिलं. मी चौकशी केली नाही.

मुलगी झाली ती त्यानंतर दोनेक वर्षांनी. ती चालायला लागली, पळायला लागली, आणि एका दुपारी ओट्याच्या कडेवर आपटली. नडगीवरच. पुढून मांस नसलेली जागा, केवढं टेंगूळ आलं. ती भोकाड पसरून रडली आणि लगेच थांबलीही. मी तिला मांडीवर घेतलं, तिचं पाऊल हातात धरलं. बोटं गरम होती. चिमटा घेतला, ती ओरडली. शेजारीण म्हणाली, हळद लावून फडकं बांध. मी फडकं हातात घेतलं आणि बाजूला ठेवून दिलं.

"आई, जाऊ दे ना," ती म्हणाली. बाहेर तिच्या सोबतिणी थांबल्या होत्या.

"बोटं हालव."

तिने हलवली. पाचही, भराभर, वैतागून.

"अजून एकदा."

तिने परत हलवली. मामीजी दारात बसून तांदूळ निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं आणि वाकून बघितलं. मग त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठे मी तिचा पाय सोडला. ती उड्या मारत गेली. माझे हात मात्र बराच वेळ गार होते.